गाळलेली सहा पिल्लं

२ सप्टेंबर २०००

उंदराच्या पिल्लांच्या मेंदूचे काप रंगले. दुपारी साडेतीनला काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पाहतच राहिले. साध्या पिल्लांच्या मेंदूत पाच ओळी स्वच्छ दिसतात, कणसावरच्या दाण्यांसारख्या. उंदराच्या मिशीचा एक केस, त्याचा मेंदूत एक दाणा. औषध दिलेल्या पिल्लांत दाणेच नाहीत. तपकिरी पसारा, शाई सांडावी तसा.

भालचंद्र सरांना बोलावलं. सर रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत, विभागात माझ्या कामात रस असलेला तो एकच माणूस. बराच वेळ डोळा लावून बसले. म्हणाले, परदेशात हे लोकांना दिसलंय. पण ग्वाल्हेरात, आपल्या हातच्या कापांत दिसणं वेगळं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, बिचारी पिल्लं. जगदेवनं क्रिकेटवरून नजर काढली नाही. तो अकरा वर्षांचा असताना बाबा गेले, तेव्हापासून त्याला मी वाढवलं. सिंचन खात्यात लागला तेव्हा त्याची बॅग मी भरली होती. आता माझ्या बातमीला तो मान हलवतो.

विचारलं ते पद्मानं, त्याच्या बायकोनं. ताई, असं का होतं? मी पोळपाटावर पिठानं काढून दाखवलं. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात मेंदूच्या आतल्या भागातून तंतू वरच्या थरात येतात आणि आपापली जागा धरतात. त्या दिवसांत मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन किती आहे, त्यावर ते किती पसरतात हे ठरतं. आम्ही सिरोटोनिन मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, औषधानं बंद पाडलं. सिरोटोनिन साचलं. तंतू आले, पण कोणी कोणाची हद्द पाळली नाही.

ती म्हणाली, "म्हणजे घर बदलताना सामान आलं, पण कोणत्या खोलीत काय ठेवायचं ते कोणी सांगितलंच नाही."

बरी उपमा होती. मी तिला म्हटलं, पीठ पुसून घे.


१० सप्टेंबर

पद्मा देवासला शाळेत चित्रकला शिकवायची. फोटोंवर बटर पेपर ठेवून दाण्यांच्या कडा शाईनं काढून द्यायला तयार झाली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. साध्या पिल्लांची आठ चित्रं झाली. औषधवाल्यांच्या फोटोंशी अडली. "ताई, इथे लाइनच नाहीये. काय काढू?" मी म्हटलं, नाही तर नाही असंच काढायचं, मनानं काही घालायचं नाही.

तिला दिवस जाऊन अडीच महिने झालेत. आईनं तिला जिने चढायची बंदी केली आहे. दोन वर्षांपूर्वीचं सगळ्यांच्या मनात आहे. आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यानंतर पद्मा पाच महिने भिंतीकडे तोंड करून झोपून होती, मग डॉ. भदौरियांचं औषध सुरू झालं आणि ती उठली. आई त्याला ताकदीची गोळी म्हणते. रोज सकाळी चहाआधी, पदराआड तोंड करून घेते, जणू चोरी करते आहे.


२१ सप्टेंबर

सेमिनार झाला. हॉल भरला होता, दारात मुली उभ्या. पद्माची चित्रं पडद्यावर आली तेव्हा कुजबुज थांबली. मी शेवटी म्हटलं, वाढत्या मेंदूतला सिरोटोनिनचा तोल हा जोडणीचा गवंडी आहे, त्याला छेडलं की घर बिघडतं. टाळ्या वाजल्या. उद्या हिंदी पेपरात दोन ओळी येतील म्हणतात.

आदल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, कमी डोसच्या पिल्लांचं काय? ती सहा होती. त्यांच्या ओळी साध्या पिल्लांसारख्याच दिसतात. मी म्हटलं, रंग नीट बसला नाही, परत करून नंतर घेऊ. रंग तसा ठीक बसला होता. पण सहा पिल्लांनी बोलण्याची धारच गेली असती. वीस मिनिटांत किती सांगणार?


२४ सप्टेंबर

रविवार. जगदेव आणि आई मांढऱ्याच्या देवीला गेले होते. पद्मा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात गोळ्यांची पट्टी आणि तिच्यासोबतचा घडी घातलेला कागद.

म्हणाली, यावर सिरोटोनिन लिहिलंय. हे तेच का?

मी म्हटलं, तेच.

"ही गोळी पण वाढवते ना?"

तिची गोळी वेगळ्या वाटेनं वाढवते, हे मला माहीत होतं. ते मी तिला सांगितलंही. पण वाढवते, असंही सांगितलं. ती खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी आणि बाईंनी, म्हणजे तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंनी, दोघांनी मिळून ठरवलंय की चालू ठेवायची, मनानं बंद करायची नाही, असं म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "त्यांनी मेंदूचे काप कधी पाहिलेत?"

मग तिनं विचारलं, ताई, तुम्ही काय केलं असतं?

घरात इतक्या वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "मी असते तर घेतली नसती."

नंतर वाटलं, डॉक्टरांना विचार हेही म्हणायला हवं होतं. पण ती जाणती आहे, विचारेलच. आणि मी काही घेऊ नकोस म्हटलेलं नाही. मी असते तर, एवढंच म्हटलं.


१५ ऑक्टोबर

पद्मानं सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वीच गोळी बंद केली. डॉक्टरांकडे गेली नाही. जगदेवला सांगू नका, त्याला टेन्शन येतं. पहिले दिवस चक्कर आली, आता बरं वाटतंय. खरंच ठीक दिसत होती. दिवाळीसाठी आईबरोबर दौलतगंजातून साडी आणली, तीही पिवळी, जी ती कधी नेसत नाही.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला चांगलं वाटलं, हे लिहून ठेवते.


५ नोव्हेंबर

एक तारखेला राज्याचे दोन तुकडे झाले आणि आज जगदेवच्या हातात कागद पडला. छत्तीसगड, रायपूर. यादी कशी केली कोणालाच ठाऊक नाही. त्याच्या ऑफिसातला एकजण रडला म्हणे; बिलासपूरला घर असलेल्याला इथे ठेवलंय आणि इथल्याला तिकडे पाठवलंय.

पद्माला आत्ता नेता येणार नाही. तिथे खोली नाही, ओळखीचं हॉस्पिटल नाही. बाळंतपण इथेच. जगदेव जाताना मला म्हणाला, "ताई, हिच्याकडे तूच बघ. आईला कळत नाही." मी म्हटलं, तू निर्धास्त जा.

पद्मा त्याला सोडायला दारापर्यंत आली, वाकली नाही, बोलली नाही. आई म्हणाली, दगड आहे. मी म्हटलं, सोशिक आहे.


२६ नोव्हेंबर

कॉलेजात परीक्षा. लिहायला फुरसत नाही.

पद्मा शांत असते. पूर्वी हिंदी गाणी गुणगुणायची, त्यानं माझं वाचन मोडायचं, तेही थांबलंय. पहाटे चारला उठून ओट्याशी बसलेली असते, आई सांगते. मी म्हटलं, या दिवसांत झोप कमी होतेच. तिचे रंग आणि ब्रश तिनं समोरच्या जाधवांच्या मुलीला देऊन टाकले. मी विचारलं, तर म्हणाली, सुकून जातील.


१३ डिसेंबर

बाईंकडे तपासणी. वजन महिन्याभरात वाढलं नाही, उलट एक किलो कमी. बाईंनी विचारलं, औषधं नियमित? पद्मा हो म्हणाली. मी शेजारीच बसले होते. लोहाच्या गोळ्या ती घेते, म्हणून मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर मी तिला शिस्तीनं सांगितलं की जेवणात लक्ष घाल, हे आता तुझ्या एकटीचं नाही. ती "हां ताई" म्हणाली. ताटात एक पोळी होती, ती तशीच उचलली.

संध्याकाळी जगदेवचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हटलं. त्याला तिकडे बसायला टेबल नाही, फायली जमिनीवर आहेत, कोणाचा हुकूम चालतो कळत नाही. त्याच्या डोक्याला आणखी ताप कशाला.


२८ डिसेंबर

झालं तसं लिहिते.

दुपारी दीडला मी कॉलेजातून आले तर आई पडवीत. पद्मा घरात नव्हती. देवळात गेली असेल, दाना ओलीत लीलाताईकडे गेली असेल, असं म्हणत आम्ही सव्वा तास घालवला. लीलाताई आमची चुलतबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पावणेतीनला तीच रिक्षातून पद्माला घेऊन आली.

सराफ्यातून परतताना तिला पद्मा स्वर्णरेखा नदीच्या पुलावर दिसली. कठड्याला धरून उभी. अंगावर स्वेटर नाही, पायांत चप्पल नाही. लीलाताई नुसती शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिचा हात आपल्या काखेत घट्ट धरला. तिथला पानवाला म्हणाला, ही बाई तासभर अशीच आहे.

पद्माला खाटेवर बसवलं. लीलाताईनं तिचे पाय गरम पाण्यात घेतले. पद्मा अगदी हळू, हिंदीत म्हणाली, "मुझसे ये भी नहीं होगा। ये भी मर जाएगा।"

लीलाताईनं माझ्याकडे पाहून विचारलं, हिला अशी कधीपासून बघताय तुम्ही दोघी? आई रडायला लागली. मी डॉ. भदौरियांना फोन लावला. त्यांनी ताबडतोब ॲडमिट करायला सांगितलं.


२९ डिसेंबर

हॉस्पिटलात. बाळाचे ठोके ठीक आहेत. वाढ तीन आठवडे मागे.

डॉ. भदौरिया साठीचे असतील, भिंडकडचे, आवाज चढवत नाहीत. पद्माच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, दवा कब से बंद है? पद्मानं सांगितलं, सप्टेंबरपासून. "किसने बंद करवाई?"

मला सांगायचं होतं. शब्द तोंडात आले होते. मी पद्माकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात तीच म्हणाली, "मैंने ही।"

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून, ग्लानीतल्या माणसासमोर बोलावं तसं हळू, म्हणाले की बऱ्याच बाया घाबरून असं करतात, पण घरात शिकलेलं माणूस असताना कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी म्हटलं, परीक्षा होत्या.

परीक्षा होत्या!


२ जानेवारी २००१

जगदेव काल सकाळी आला. दोन रात्री जनरल डब्यात बसून. आधी पद्माचा हात धरून बसला, मग त्याचा बांध फुटला. तिला म्हणाला, तू स्वतःच कसं ठरवलंस? मला एक शब्द नाही? पहिल्यांदा काय झालं होतं विसरलीस? ती उशीकडे तोंड करून पडली. आई कॉरिडॉरमध्ये म्हणत होती की देवासवाल्यांनी मुलीचा स्वभाव लग्नाआधी लपवला.

मी जगदेव आणि आईच्या मध्ये, दारात उभी होते, हातातली मोसंबी सोलत. एका वाक्यात दोघं गप्प झाले असते. मी मोसंबीच्या बिया काढत राहिले.

घरी येऊन आरशासमोर तोंड धुतलं. स्वतःच्या तोंडाची इतकी किळस मला कधी आली नव्हती.


५ जानेवारी

आज प्रयोगाची वही काढली.

आम्ही पिल्लांना दिलं ते औषध विकर बंद पाडणारं. पद्माची गोळी तसं करत नाही. आम्ही ते थेट पिल्लांना टोचलं, पहिल्या दिवसापासून, आणि मेंदूतलं सिरोटोनिन कैक पटींनी चढवलं. आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाणाऱ्या गोळीशी याची तुलना कशी करायची, हे मला माहीत नाही. कोणालाच पुरतं माहीत नाही. उंदराचा पहिला आठवडा माणसाच्या कोणत्या महिन्यासारखा, यावरही लोक भांडतात.

आणि ती सहा पिल्लं. कमी डोस. पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली. पाच ओळी, स्वच्छ. सहाच्या सहा. रंग उत्तम बसलाय.

त्यावरून गोळी निर्धोक ठरते असंही नाही. पण पद्माला मी जे दाखवलं त्यात ही सहा नव्हती. तिनं शाईनं काढलेल्या चित्रांत एकही मधलं चित्र नव्हतं. एका बाजूला कणीस, दुसऱ्या बाजूला चिखल. ते बघत तिनं तीन आठवडे काढले, स्वतःच्या पोटावर हात ठेवून. मीच तिच्यापुढे फोटो टाकत होते. "मनानं काही घालायचं नाही" असंही मीच सांगत होते.

आणखी एक लिहिते, कारण इथे नाही तर कुठे. तिनं गोळी सोडली तेव्हा मला जो आनंद झाला, तो बाळासाठी नव्हता. या घरात कोणीतरी माझं ऐकलं, याचा होता.


८ जानेवारी

डॉ. भदौरियांच्या खोलीबाहेर पाऊण तास बसले. आत गेल्यावर हिंदीतून सांगायला लागले, वाक्य अर्ध्यात अडलं, मराठीत गेलं, परत हिंदीत आलं. दवा मैंने बंद करवाई थी. मग सगळं. उंदीर, चित्रं, ती सहा पिल्लं, रविवार.

ते रागावतील असं वाटत होतं, तसं झालं असतं तर बरं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मैडम, मुझे भी नहीं पता कि बच्चे पर इसका पूरा असर क्या होता है। इतना पता है कि बिना दवा के इसकी माँ पर क्या होता है। मैंने तो दोनों को तौला था। आपने एक ही पलड़ा देखा।"

मग विचारलं, घरवालों को बताया? मी नाही म्हटलं. त्यांनी केसपेपरवर जुनी ओळ खोडून नवी लिहिली.


९ जानेवारी

सांगितलं. हॉस्पिटलच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, दुपारी. जगदेव चहाचा ग्लास घेऊन बसला होता.

पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मग त्यानं ग्लास कट्ट्यावर ठेवला. "तू तिच्यासमोर उभी होतीस. मी तिला बोलत होतो आणि तू मोसंबी सोलत होतीस."

मी हो म्हटलं.

"तुला विचारल्याशिवाय मी आयुष्यात काही केलं नाही ताई. शाळा, नोकरी, लग्न सुद्धा. मला वाटायचं तू कधी चुकत नाहीस." मग म्हणाला, "तुलाही तसंच वाटायचं."

उठून पद्माच्या वॉर्डाकडे गेला. मी खिडकीतून पाहिलं, तो तिच्या खाटेशी खाली जमिनीवर बसला होता आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं होतं. मी तिथून निघून आले.

आईला संध्याकाळी सांगितलं. आईनं जपमाळ खाली ठेवली, आणि इतकंच म्हणाली की देवासला फोन लाव, मला विहीणबाईंशी बोलायचंय.


१९ जानेवारी

भालचंद्र सरांनाही सांगितलं. जर्नलकडे पेपर पाठवला होता, तो परत मागवला. सर म्हणाले, सहा पिल्लं घातली की निष्कर्ष मवाळ होतो. मी म्हटलं, होऊ दे. ते म्हणाले, त्या दिवशी मी जरा जोरानं विचारायला हवं होतं. त्यांचा काय दोष. पण ते असं म्हणाले आणि मला अधिकच लाज वाटली.


२ फेब्रुवारी

पद्मा घरी येऊन दहा दिवस झाले. गोळी परत सुरू आहे. सावकाश फरक पडतोय. काल तिनं स्वतःहून वरण मागितलं. तिची आई देवासहून आली आहे आणि स्वयंपाकघरात माझ्याशी अदबीनं वागते, ते सोसत नाही.

आज दुपारी पद्मा गच्चीवर उन्हात बसली होती. मी जाऊन समोर बसले आणि माफी मागितली. पाठ करून गेले होते, कारण माझं मला ठाऊक आहे, ऐनवेळी मी स्पष्टीकरण द्यायला लागते. तिच्यावर लादलं, अर्धंच दाखवलं, आणि नंतर गप्प राहिले, एवढंच म्हटलं.

ती केस सुकवत होती. म्हणाली, "गोळीचं मी तुम्हाला विचारलं होतं ताई. तुम्ही चुकीचं सांगितलंत. चलो, होतं. माणूस चुकतो."

मग म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं ना, किसने बंद करवाई, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाचवावं म्हणून. मला नीट उठता पण येत नव्हतं, और आप मेरी तरफ़ देख रही थीं। ते मला विसरता नाही येत आहे."

मी त्या दिवसाची नोंद काढून पाहिली. मी लिहिलंय की मला सांगायचं होतं आणि तेवढ्यात तीच बोलली. आपल्याच वहीत मी इतकं सफाईनं खोटं लिहिते, तर प्रयोगाच्या वहीत काय काय असेल.

खोडलं नाही. राहू दे तसंच.


११ मार्च

सकाळी सात चाळीसला मुलगी झाली. दोन आठवडे आधी. दोन किलो तीनशे. रडली.


१३ मार्च

बाळ पहिले दोन दिवस थरथरायचं, दचकायचं, दूध नीट ओढायचं नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आईच्या गोळीमुळे असं काही बाळांना होतं, आपण लक्ष ठेवून आहोत, बहुतेक उतरतं. पद्मा घाबरून गेली. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

मला उत्तर येत होतं असं क्षणभर वाटलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, मी डॉ. भदौरियांना बोलावून आणते. ते आले, त्यांनी तिला अर्धा तास समजावलं.

आज थरथर कमी आहे. दूध ओढते. तिच्या मेंदूत या घडीला कोणता तंतू कुठे जाऊन थांबतोय, मला काही ठाऊक नाही. सव्वीस वर्षं हाच विषय शिकले आणि शिकवला.


२२ मार्च

बारसं. जगदेव रायपूरहून आठ दिवसांच्या सुट्टीवर आलाय. खोली मिळाली आहे. मे महिन्यात दोघींना घेऊन जाईल.

आपल्यात बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. आईनं आठवड्यापूर्वीच माझ्यासाठी साडी काढून ठेवली होती. काल जगदेव आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, ताई, नाव लीलाताई सांगेल. तीही आत्याच लागते. मी म्हटलं, तिचाच हक्क आहे. खरंच तसं वाटलं. पुलावर ती होती.

आई जगदेवशी भांडायला निघाली. मी तिला थांबवलं.

सकाळपासून स्वयंपाकघरात होते. घुगऱ्या शिजवल्या, सुंठवडा वाटला. बाहेर पाळण्याभोवती बाया जमल्या, कोणीतरी पाळणा म्हणायला लागलं, शब्द विसरल्या, हसल्या. दहाच्या सुमारास पद्मा आत आली, नवी साडी, कपाळावर मळवट. मला वाटलं पाणी हवंय बाळासाठी. तिनं कमरेच्या पिशवीतून पट्टी काढली. सकाळच्या गडबडीत राहिली म्हणाली. आईंसमोर घेते आता, लपवत नाही, पण बाहेर सगळ्या बायका आहेत.

मी माठातून पेला भरून तिच्यापुढे धरला. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि माझ्या हातातून पेला घेऊन सगळं पाणी प्यायली. पेला मला परत दिला.

"घुगऱ्यांत मीठ बघितलंत का?" तिनं विचारलं.

नाही म्हटलं. तिनं चमच्यानं चाखलं, म्हणाली, थोडं हवंय, आणि बाहेर गेली.

मी मीठ घालून ढवळत होते तेव्हा बाहेर एकदम शांत झालं. लीलाताई वाकली असणार. मग तिच्या पाठीवर बायांच्या हलक्या थापट्या, हशा, आणि सगळ्या बाया एका आवाजात नाव म्हणाल्या. मंजिरी. मला ते शेजारणींबरोबरच कळलं.